खळ, बीट आणि ठकीचे तळवे : गच्चीवरच्या रंगकामाची नोंद

मंडळी, लेकीला खाण्याच्या जिन्नसांचे रंग करून देऊन गच्चीवर हातांनी रंगवू द्यायचं, हा आमचा उद्योग चालू आहे. त्यातली या खेपेची प्रगती रंगांत कमी आणि खळीत (पीठ पाण्यात शिजवून केलेल्या चिकट लगद्यात) जास्त आहे. लेक (घरात तिला ठकीच म्हणतात) आता दहा महिन्यांची झालीय. बसते, रांगते, आणि हाताला लागेल ते आधी तोंडात घालते. म्हणून आमचा नियम एकच : जे तिच्या पोटात गेलं तर चालणार नाही, ते तिच्या वाडग्यात येणार नाही. त्यामुळे बाजारातले रंग सुरुवातीलाच बाद झाले. मधही बाद, कारण वर्षाच्या आतल्या बाळाला तो चाटवायचासुद्धा नसतो.

थंडीत नुसत्या रसांवर भागवलं. किसलेल्या बिटाचा रस, पालकाचं पाणी. ओघळ कोपरापर्यंत, कापडावर मात्र फिकट डाग. तिला त्यात फारसा रसही नव्हता. या वयात रंग डोळ्यांच्या आधी हाताला कळतो असं माझं मत झालंय. हाताखाली काहीतरी चिकटलं, घसरलं, अडलं पाहिजे. पाणी नुसतं निसटून जातं.

तोडगा आईकडून आला. आधी तिचा या सगळ्यालाच विरोध होता. "अन्नात हात घालून खेळू नये रे, पूर्णब्रह्म आहे ते." मग दोन दिवस आमचे उद्योग बघून म्हणाली, "तुला चिकटच हवंय ना? मग खळ कर की. आम्ही सुती साड्यांना करायचो तशी." आणि स्वतःच पातेलं घेऊन उभी राहिली.

प्रमाण असं बसलंय : एक कप पाण्याला दोन टेबलस्पून कॉर्नफ्लोअर. आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून घ्यायचं, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरटपणा जाऊन चकाकी आली की उतरवायचं. निवल्यावर ती आणखी घट्ट होते, म्हणून गॅसवर असताना थोडी सैलच वाटली पाहिजे. तांदळाच्या पिठीची खळ वेगळी होते. तिला चकाकी नाही, हाताला किंचित रवाळ लागते आणि कापडावर बोट ओढलं की रेघ तशीच राहते. कॉर्नफ्लोअरच्या खळीत रेघा पुन्हा मिटतात. मी आता पिठीच्या बाजूचा आहे. कच्चं पीठ कालवून देऊ नका, शिजवलेलंच द्या. कच्च्या पिठात जंतू असू शकतात. खळ लवकर आंबते, तेव्हा त्या दिवशीची त्याच दिवशी संपवायची.

आता रंग. बिटाचा रंग उष्णतेनं तपकिरीकडे झुकतो, म्हणून रस खळ पूर्ण निवल्यावरच घालायचा. गुलाबी तेव्हाच खरा गुलाबी दिसतो. पालक उकळत्या पाण्यात बुडवून लगेच काढून वाटला की हिरवा चांगला मिळतो, पण दुपारपर्यंत तो शेवाळी होतोच. तपकिरीसाठी शोध घ्यावा लागला नाही : नाचणीचं सत्त्व. तेच शिजवून दाट केलं की वेगळी खळही लागत नाही. ठकी रोज खाते तेच, त्यामुळे तिनं आधी रंगवलं आणि मग शांतपणे चाटून पुसून टाकलं. आईच्या पूर्णब्रह्माचाही मान राहिला.

निळा मिळतो जांभळ्या कोबीतून. पानं उकळली की जांभळं पाणी येतं. त्यात लिंबू पिळलं तर गुलाबी, चिमटीच्या टोकावर राहील एवढा खायचा सोडा टाकला तर निळं, आणि सोडा जास्त झाला की हिरवट. सोड्याचा वाडगा ठकीला मिळत नाही, तो माझा. ती एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला. (घरात यावर बरंच बोलून झालंय.)

हळद घरची, दळून आणलेली. सुट्या पिवळ्याधमक पुडीवर माझा भरवसा नाही, चकाकीसाठी हळदीत शिशाचा रंग मिसळल्याची प्रकरणं झालेली आहेत. हळदीच्या डागाला आधी साबण लावू नका, लालभडक होतो. कुंकू हळदीला चुना लावून करतात, तीच ही करामत. फरशीवर राहिलेला पिवळा डाग उन्हावर सोडून द्या, ऊन तो हळूहळू खातं. अंगावरचा डाग खोबरेल तेलानं सुटतो, मग कोमट पाणी.

कागद मी सोडला. ओला झाला की फाटतो आणि फाटलेला तुकडा थेट तोंडात जातो. आता जुन्या धोतराचं कापड ओलं करून पसरतो, खाली सतरंजी, कारण शहाबादी फरशीवर खळ सांडली की मोठी माणसंसुद्धा घसरतात. पृष्ठभाग आधी ओला करायची युक्ती जुनीच आहे. रूथ फेसन शॉ या अमेरिकन बाईंनी रोममधल्या आपल्या शाळेत बोटांनी रंगवण्याची पद्धत बसवली, त्याही ओल्या कागदावर रंग फिरवायला लावत. त्यांना हे सुचलं ते एका मुलाला भिंतीवर आयोडीन फासताना बघून, असं सांगतात. आमच्याकडे भिंतीची पाळी अजून आलेली नाही.

आणि हात. सुरुवातीला नुसत्या चापट्या होत्या, दोन्ही तळवे एकदम, शिंतोडे माझ्या चष्म्यावर. मग हात आडवा फिरवायला लागली, म्हणजे कापडावर पंख्यासारखे अर्धगोल उमटले. गेल्या आठवड्यापासून एकटी तर्जनी बाहेर आलीय. सगळी मूठ मिटलेली, ते एक बोट खळीत रुतवते, काढते, भोकाकडे बघते, पुन्हा तिथेच रुतवते. हे रांगोळीचे ठिपके नव्हेत हे मला कळतं, पण मी फोटो मात्र तसेच काढतो.

चित्रं टिकत नाहीत. बिटाचा गुलाबी काही दिवसांत मळकट होतो. तुरटी किंवा हिरड्यानं कापड आधी तयार करून रंग पक्का करता येईल, पण ते कापड ठकी चोखणार, तेव्हा तो विचार ती मोठी होईपर्यंत बासनात. फोटो सावलीत आणि ओलं असतानाच काढा.

वेळ सकाळी नऊच्या आतली. त्यानंतर गच्ची तापते, आणि खळ अंगावर वाळून कातडी ओढली जाते तेव्हा ती रडते. शेवटी टब, कोमट पाणी आणि थोडं डाळीचं पीठ.

आता पळस फुललाय. फुलं कोमट पाण्यात भिजवून केशरी काढायचा बेत आहे. तो पहिल्यांदा माझ्या बाजूच्या वाडग्यात येईल, ठकीच्या बाजूला न्यायचा की नाही ते बाळाच्या डॉक्टरांना विचारून. आणि दुपारपर्यंत हिरवाच राहणारा, सोडा न घातलेला हिरवा कुणाला जमला असेल, तर कृती जरूर सांगा.