चैत्र ते माघ: आमच्या गटाचं वर्ष भिंतीवर लावताना

कोल्हापुरात हौशी चित्रकारांचे गट पुष्कळ आहेत. आमचा त्यातलाच एक, रविवारी सकाळी जमून लँडस्केपला बाहेर पडणारा. निवृत्त कलाशिक्षक आहेत, गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला, एक कारागीर आहे, डॉक्टर आहेत, कॉलेजची मुलं आहेत आणि माझ्यासारखे बँकेत नोकरी करणारेही आहेत. वर्षातून एकदा दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात आम्ही प्रदर्शन भरवतो. यंदा त्याची सगळी जुळवाजुळव माझ्याकडे होती. ती कशी पार पडली ते सविस्तर लिहिते आहे. आपापल्या गावात असे गट चालवणाऱ्यांना त्यातलं काही उपयोगी पडावं, ही मनापासून इच्छा आहे.

माझं म्हणणं मी पहिल्याच बैठकीत मांडलं. आजवर आम्ही भिंती चित्रकारांना वाटून द्यायचो. येणारा माणूस आपल्या ओळखीच्याची भिंत शोधायचा, त्याच्यासोबत फोटो काढायचा, चहा घेऊन निघायचा. बाकीच्या चित्रांवरून नुसती नजर फिरायची. यंदा भिंती माणसांना न देता ऋतूंना द्यायच्या, असं मी सुचवलं. चैत्रातली जोतिबाची यात्रा, पाऊस, गणपती, गुऱ्हाळ. आपण वर्षभर ज्या क्रमाने बाहेर पडतो त्याच क्रमाने चित्रं लागली पाहिजेत. एकाच जागेवर एकाच सकाळी बसून सात जणांनी केलेली सात चित्रं शेजारी लागली, तर बघणाऱ्याला प्रत्येकाची नजर वेगळी दिसेल.

आमच्या ज्येष्ठ सरांना हे पटलं नाही. "चित्राखाली जागा, महिना, वेळ लिहिलीस की लोक चित्र बघायचं सोडून रंकाळा ओळखायला लागतात," ते म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. बरंच बोलणं झालं आणि मधला मार्ग निघाला. महिना आणि हंगाम भिंतीच्या सुरुवातीला एका पट्टीवर लिहायचा, चित्राखाली फक्त चित्रकाराचं नाव, माध्यम आणि किंमत. जागेचं नाव छापील यादीत. ज्याला हवं तो बघेल.

एवढं ठरवून मग वर्षभराचा कार्यक्रम त्या दृष्टीने आखला. चैत्र पौर्णिमेला जोतिबावर इझेल लावून बसायची सोय नसते. गर्दी, गुलाल-खोबऱ्याची उधळण, चांगभलंचा गजर, आणि डोक्यावरून डुलत जाणाऱ्या सासनकाठ्या, म्हणजे गावोगावहून देवाला आणलेल्या उंच मानाच्या काठ्या. तिथे स्केचबुक आणि जाड शिसाची पेन्सिल एवढंच न्यायचं. काठी तोलणाऱ्या माणसाचे पाय आणि कंबर आधी पकडायची, काठी नंतर. आमच्यातल्या एका मुलाने छोटा जलरंगाचा डबा नेला होता. त्याच्या ओल्या वॉशवर, म्हणजे पातळ रंगाच्या हातावर, गुलाल पडला आणि दाणा दाणा फुटून आकाशभर गुलाबी ठिपके उमटले. तो कागद त्याने तसाच वाळवला. चैत्राच्या भिंतीवर पहिलं चित्र तेच लागलं.

उन्हाळ्यातले बाकीचे रविवार रंकाळ्यावर गेले. सहाला बसायचं, नऊच्या आत आवरायचं. नंतर ऊन एवढं चढतं की वॉश खाली ओढेपर्यंत वरची कड वाळलेली असते. पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकले की थोडी उसंत मिळते. जूनच्या तोंडावर आमचा एक जुना रिवाज आहे: सगळ्यांनी मिळून टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाऊन आबालाल रहिमान यांची चित्रं बघायची. रंकाळा, संध्यामठ, कोटीतीर्थ ही त्यांची रोजची ठिकाणं. १९३१ साली ते गेले, पण आमच्यातला प्रत्येक जण आजही त्यांच्याच काठावर बसतो. शाहू महाराजांच्या निधनानंतर त्यांनी आपली पुष्कळ चित्रं कोटीतीर्थ तलावात सोडून दिली असं सांगतात. ती कहाणी सरांच्या तोंडून ऐकली की दरवेळी मला गलबलून येतं.

पावसाळा हा आमच्याकडचा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात देखणा हंगाम. पन्हाळ्यावर धुकं उतरलं की तीन दरवाजाच्या कमानीखाली बसायला मिळतं, पण कागद वाळतच नाही. हवेतच एवढं पाणी असतं की पहिला हात दिल्यावर अर्धा-अर्धा तास थांबावं लागतं. घाई केली की रंगाचा चिखल होतो. म्हणून तिथे एकाच ओल्या हातात जेवढं होईल तेवढंच करायचं, आणि गडद टोन घरी येऊन भरायचे. यावर आमच्यात दोन पक्ष आहेत. काहींना जागेवर संपलं तेच चित्र वाटतं. माझं मत असं की पन्हाळ्यावर जुलैत हा नियम पाळता येत नाही आणि पाळूही नये. धुकं कागदावर धरलं की निम्मं काम झालेलं असतं.

पंचगंगा पात्राबाहेर पडली की घाट बंद. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका. हे आकडे कोल्हापूरकराला पाठ असतात, आणि २०१९ च्या महापुरानंतर तर लहान पोरंही सकाळी उठून पातळी विचारतात. त्या दिवसांत आम्ही बाहेर पडत नाही. पाणी ओसरल्यावर घाटावरच्या दीपमाळांवर गाळाची रेघ राहते, ती रंगवायला मात्र जातो. एका काकूंनी केलेलं ते चित्र, ओल्या दगडाचा काळा आणि त्यावर मातकट पट्टा, संपूर्ण प्रदर्शनात मला सगळ्यात आवडलं होतं.

श्रावण-भाद्रपदात कुंभार गल्ली. शाहूपुरीत आणि गंगावेशेत आम्ही आधी जाऊन विचारून येतो, कारण त्यांच्या ऐन कामाच्या दिवसांत वीस माणसं स्टूल टाकून बसली तर त्यांनी मूर्ती ठेवायच्या कुठे? चार-चार जणांनी, वेगवेगळ्या वेळी जायचं. डोळ्यांची आखणी चालू असते तिथे बोलायचं नाही, हा आमचा पक्का नियम. कारागीर श्वास रोखून एका दमात पापणीची रेघ ओढतो. ब्रश कसा धरायचा हे मी तिथे बघून सुधारलं.

आणि मग थंडीत गुऱ्हाळ. करवीर, पन्हाळा भागात गुऱ्हाळं वर्षागणिक कमी होत चालली आहेत. ऊस कारखान्याकडे जातो, गुळव्ये, म्हणजे गूळ शिजवणारे कारागीर, आणि चुलवाणावर, म्हणजे भट्टीवर, बसणारी माणसं मिळत नाहीत. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याने चुलवाण पेटत नाही. म्हणून या भिंतीला मी सगळ्यात जास्त जागा मागितली. ज्या गुऱ्हाळावर आम्ही गेलो तिथे पहाटेपासून रसाची मोठी कढई, काहील, चढलेली होती. रस उकळायला लागला की भेंडीच्या झाडाचं पाणी घालतात आणि मळी वर येते. ती काढत राहतात. शेवटी गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघतो, आणि काहील वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या उथळ हौदात, ओतायची खूण करतो. तो क्षण दोन-तीन मिनिटांचा. सगळी शेड वाफेने भरते, खालून चुलवाणाचा तांबूस उजेड, माणसं अर्धी दिसतात, अर्धी नाही. जलरंगात वाफेसाठी कागद पांढराच राखावा लागतो. भोवतीचा अंधार आधी लावायचा, कड ओली ठेवायची, आणि त्या कडेतून कोरड्या ब्रशने रंग उचलून घ्यायचा. मी उचलत होते आणि गुळव्या मागून बघत होता. काही बोलला नाही. जाताना हातावर गरम गुळाचा खडा ठेवला.

आता प्रत्यक्ष जुळवाजुळव. सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे आकार आधीच ठरवणं. पूर्ण कागद २२ x ३० इंचांचा असतो. त्याचा अर्धा किंवा पाव, एवढ्या दोनच मापांत काम करायचं, असं चैत्रातच सगळ्यांना सांगितलं होतं. त्यामुळे फ्रेमही दोनच मापांच्या झाल्या, एकदम बनवून घेतल्याने स्वस्त पडल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांतच नवी चित्रं बसतील. पूर्वी प्रत्येक जण आपल्या आवडीची फ्रेम आणायचा. कुठे सोनेरी नक्षी, कुठे काळी पट्टी, आणि दालन दुकानासारखं दिसायचं. कॉलेजच्या मुलांना फ्रेमचा खर्च झेपत नाही, तोही प्रश्न गटाच्या फ्रेमांनी सुटला. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी हवीच. कागद काचेला टेकला की आमच्या हवेत दोन पावसाळ्यांत बुरशीचे ठिपके येतात.

निवड हा नाजूक भाग. प्रत्येकाचं किमान एक चित्र लागेल, हे आधीच जाहीर केलं. उरलेली निवड सरांनी आणि बाहेरच्या एका कलाशिक्षिकेने चित्रांच्या मागे नाव झाकून केली. दोघं जण नाराज झाले. एकाशी मी घरी जाऊन बोलले. ते काम फोनवर होत नाही.

टांगायचा दिवस गुरुवार. संध्याकाळपर्यंत साठेक चित्रं वर जायला हवी होती. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर येईल असा दोरा आम्ही भिंतभर ताणला आणि त्यावरून मापं घेतली. त्याआधी सगळी चित्रं भिंतीलगत जमिनीवर उभी करून क्रम बघितला. हे केल्याशिवाय एकही खिळा मारू नये. जमिनीवर ठेवल्यावरच कळलं की पावसाची भिंत सलग करड्या रंगाची होऊन मिटून जाते आहे. मग मध्ये मसाई पठारावरच्या सप्टेंबरच्या फुलांची दोन चित्रं आणली आणि भिंत जागी झाली. सर लांब उभे होते. त्यांनी स्वतः पुढे येऊन घाटाचं एक चित्र उचललं आणि दीपमाळेच्या शेजारी ठेवलं. "एकच दगड आहे. दोघांनी कसा वेगळा बघितलाय बघ," म्हणाले. माझी बाजू त्यांनी मान्य केली होती.

उद्घाटनाला पाहुणे बोलवायचे की नाही यावर दर वर्षी चर्चा होते. यंदा आम्ही भाषणं ठेवलीच नाहीत. ज्या ज्या जागी बसून चित्रं काढली तिथल्या लोकांना जाऊन आमंत्रण दिलं. मूर्तिकार आले, घाटावर फुलं विकणाऱ्या मावशी आल्या, आणि शनिवारी दुपारी गुऱ्हाळाचे मालक गुळव्याला आणि घरच्यांना घेऊन जीप भरून आले. चप्पल बाहेर काढायला लागले तेव्हा त्यांना आत घेऊन यावं लागलं. मालक एका चित्रासमोर थांबले. त्यात चेहरा नव्हता, वाफेत पाठमोरी उभी आकृती, हातात फावडं.

"ह्यो आपलाच न्हवं?" ते गुळव्याला म्हणाले. "पाठीवरनं वळखलं की ताई."

गुळव्या चित्राच्या अगदी जवळ गेला, मग मागे सरला, पुन्हा जवळ गेला. "वाफ बरोबर घेतलीया," एवढंच बोलला. त्यानंतर तो पावसाच्या भिंतीकडे गेला, चैत्राच्या भिंतीकडे गेला, प्रत्येक चित्रासमोर थांबला. आधीच्या प्रदर्शनांत इतका वेळ देऊन चित्र बघणारा माणूस मी पाहिला नव्हता.

विक्री बेताची झाली. दालनाचं भाडं आणि छपाई निघाली, फ्रेमांचा खर्च वर्गणीतून भरला. रविवारी रात्री चित्रं उतरवून प्रत्येकाच्या सहीने परत दिली. ही सहीची वही ठेवाच, नंतरचे वाद वाचतात.

मालक निघताना म्हणाले होते, "ह्ये गावात आणून लावा की. शाळंत जागा हाय." ते आम्ही मनावर घेतलं आहे. सरपंचांशी बोलणं झालं, मुख्याध्यापकांनी परीक्षेआधीचा शनिवार-रविवार द्यायचं कबूल केलंय. काचेऐवजी ॲक्रिलिक शीट बसवून फ्रेमा हलक्या करायच्या, खिळ्यांऐवजी खिडक्यांच्या गजांना दोऱ्या बांधायच्या. रविवारी सकाळी मुलांना कागद देऊन गुऱ्हाळावरच बसवायचं, असं सरांनी सुचवलंय. आणि क्रम बदलणार आहोत: त्या गावची सासनकाठी दर चैत्रात जोतिबाला जाते, म्हणून तिथे दारातली पहिली भिंत गुऱ्हाळाची असेल, आणि शेवटची, यात्रेच्या तोंडावर, चैत्राची.