दोन तास सत्तावन्न मिनिटं

ती फाइल मी आधी बंद केली होती, हे सुरुवातीलाच सांगून टाकते.

आमचं ऑफिस छोटं. विमानाला उशीर झालेल्या प्रवाशांचे दावे कंपन्यांशी भांडून वसूल करायचे, हा आमचा धंदा. पैसे मिळाले तर त्यात आमचा हिस्सा, नाही मिळाले तर काही नाही. त्यामुळे कुठली फाइल पुढे न्यायची आणि कुठली मिटवायची हे झटपट ठरवावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते एकाच आकड्यावर ठरतं: पोचायला तीन तास उशीर झाला का?

हे दावे ज्यावर चालतात तो युरोपचा नियम 2004 सालचा, नंबर 261. गंमत म्हणजे उशिराच्या कलमात रोख भरपाईचा उल्लेखच नाही. ती रद्द झालेल्या फ्लाइटसाठी लिहिलेली. 2009 मध्ये युरोपीय न्यायालयानं म्हटलं की तीन तास किंवा त्याहून उशिरा पोचलेल्या माणसाचा वेळही तसाच वाया जातो, त्यालाही तेच पैसे द्या. तेव्हापासून आमची चूल त्या तीन तासांवर पेटते. 2 तास 59 मिनिटं झाली तर शून्य. पुढच्या मिनिटाला अंतराप्रमाणे 250, 400 किंवा 600 युरो. पासपोर्ट कुठला हे कोणी विचारत नाही. विमान युरोपीय संघातून निघालेलं असलं की कंपनी कुठलीही चालते. बाहेरून तिकडे येणारं असेल तर मात्र कंपनी तिथलीच लागते.

दावा एका निवृत्त शिक्षिकेचा आणि त्यांच्या यजमानांचा होता. जून महिना, ग्रीसमधून पश्चिम युरोपात जाणारी फ्लाइट, अंतर दीड हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे माणशी 400. पोचायची वेळ 14:20. कंपनीचं उत्तर दोन ओळींचं आलं: विमान 17:17 ला पोचलं, उशीर 2 तास 57 मिनिटं, दावा नामंजूर. बाईंनी फॉर्मसोबत बोर्डिंग पास, विमानतळावरच्या फलकाचा फोटो आणि व्हॉट्सॲपचा एक स्क्रीनशॉट जोडला होता. मुलीला पाठवलेली व्हॉइस नोट, वेळ 20:51. मी मनात म्हटलं, रात्री हॉटेलवर पोचल्याचा निरोप असेल. दिलगिरीचं ठरलेलं पत्र गेलं, फाइल मिटली.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. ऑफिसात मराठी येणारी मी एकटीच, म्हणून माझ्याकडेच वळवला.

"तुम्ही माझी व्हॉइस नोट ऐकलीत का?"

"मॅडम, आमच्याकडे फक्त तिचा फोटो आहे."

"मग मागायची नाही का? मी शाळेत असते ना, तर पेपर न वाचता मार्क दिले म्हणून तुमची तक्रार केली असती."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. त्यांनी नोट पाठवली, मी हेडफोन लावले.

अठ्ठेचाळीस सेकंदं. मागे कुठलं तरी मूल रडतंय, डोक्यावरचे कप्पे धाडधाड उघडतायत, आणि मध्ये या बाईंचा वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज: "अगं सोनू, उतरलो बाई एकदाचे. पण दार काही उघडत नाहीयेत. सगळे उभे राहिलेत नुसते, बाबांची मान वाकडी झालीय त्या कप्प्याखाली. थांब, काहीतरी सांगतायत..." मग स्पीकरवरून घरघरत इंग्रजीत सूचना येते की शिडी यायला अजून थोडा वेळ आहे, कृपया बसून राहा. "शिडीच नाही म्हणे आली! बरं, ठेवते."

मी त्यांना उलट फोन केला आणि विचारलं, "तो स्क्रीनशॉट कुठे असताना काढलात?"

"घरी. भारतात परत आल्यावर, तुमचा फॉर्म भरताना."

तिथेच चूक होती, आणि ती माझी. फोन ज्या देशात असेल तिथल्या घड्याळाप्रमाणे व्हॉट्सॲप जुन्या मेसेजचीही वेळ दाखवतं. उन्हाळ्यात त्या भागाचा आणि भारताचा फरक साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. मी कागदावर वजाबाकी तीनदा केली. 20:51 म्हणजे तिथले 17:21. ठरलेल्या वेळेला तीन तास आणि एक मिनिट होऊन गेलं होतं, आणि विमानाचं दार बंद होतं.

दार हाच सगळा मुद्दा आहे. 2014 मध्ये याच प्रश्नावर युरोपीय न्यायालयाचा निकाल आला. तिथली फ्लाइट साल्झबुर्गहून कोलोन-बॉनला जाणारी. चाकं टेकली तेव्हा उशीर 2 तास 58 मिनिटं, जागेवर लागली तेव्हा 3 तास 3 मिनिटं. न्यायालयानं सांगितलं की निदान एक दार उघडून प्रवाशांना बाहेर पडता येतं, ती पोचण्याची वेळ. तोवर माणूस कोंडलेलाच असतो. हा निकाल मला पाठ आहे. तरीही मी 17:17 वाचलं आणि "कशाचे 17:17?" हे विचारलं नाही.

विचारल्यावर कळलं की ती विमान उभं करून ब्रेक लावल्याची वेळ होती. विमानाच्या नोंदीत चार वेळा असतात: जागा सोडली, हवेत गेलं, जमिनीवर टेकलं, जागेवर थांबलं. यांच्यातली चौथी कंपनीनं उचलून आम्हाला पाठवली. आकडा खोटा नव्हता, फक्त आम्हाला हवा होता तो नव्हता.

खरी कसरत पुढे झाली. नोट मराठीत, म्हणजे भाषांतर जोडायला हवं. एका सहकाऱ्यानं ती घाईघाईत मशीनमधून काढून आणली, तर पहिल्याच वाक्याचं इंग्रजी झालं होतं: आम्ही विमानातून खाली उतरलो. मी डोक्याला हात लावला. आपल्याकडे विमानही उतरतं आणि माणसंही उतरतात, क्रियापद तेच. कंपनीच्या वकिलाला एवढंच पुरलं असतं: प्रवासी स्वतःच म्हणतायत की 17:21 ला त्या बाहेर होत्या! मग मी शब्दाला शब्द उतरवून काढला, दोन अर्थांवर स्वतंत्र टीप लिहिली आणि दाखवलं की पुढच्याच वाक्यात दार उघडत नाही म्हटलंय. सूचनेचं इंग्रजी तर आयतंच होतं. भारतातल्या मुलीच्या फोनवरचा स्क्रीनशॉटही मागवला. तिथेही 20:51. एका "उतरलो"साठी माझी अख्खी दुपार गेली.

मग कंपनीनं वळण बदललं: बिघाड तांत्रिक होता, असाधारण परिस्थिती होती, सबब भरपाई लागू नाही. हे उत्तर आम्हाला आठवड्यातून चारदा येतं. रोजच्या वापरात उद्भवणारा तांत्रिक बिघाड असाधारण नसतो, हे 2008 पासून ठरलेलं आहे. पक्षी धडकला असता तर गोष्ट वेगळी होती. तसं लिहून पाठवलं.

त्यानंतर आली व्हाउचरची ऑफर. प्रवाशानं सही करून मान्य केलं तरच व्हाउचर देता येतं, एरवी पैसेच द्यावे लागतात. तरी विचारणं माझं काम होतं.

"कूपन घेऊन काय करू? हे आता विमानात पाऊल ठेवायला तयार नाहीत," बाई म्हणाल्या. "पैसेच घ्या."

पाच आठवड्यांनी 800 युरो जमा झाले. आमचा हिस्सा कापून उरलेले त्यांच्या खात्यात गेले. त्यांनी हिशेब तपासला, बँकेनं कापलेल्या शुल्काची चौकशी केली आणि मग "छान" एवढंच लिहिलं.

त्याच संध्याकाळी मी माझ्याच हातानं मिटवलेल्या फाइली चाळायला बसले. 2 तास 50 आणि 2 तास 59 मिनिटांच्या मधल्या. अकरा निघाल्या. कुठेही पोचण्याची वेळ नेमकी कशाची, ते लिहिलेलं नव्हतं. मी एकेकाला फोन लावायला घेतला. चौघांनी उचलला. पहिल्या गृहस्थांना विचारलं, "दार किती वाजता उघडलं, काही आठवतंय का?"

"दार?" ते म्हणाले. "अहो, मी झोपलो होतो."