बोरच्या मोटरचा कंट्रोलर: टाइमआउट कुठल्या घड्याळावर मोजायचा?

चिकोडीकडच्या आमच्या रानात बोरच्या मोटरला रास्पबेरी पाय 3 हा छोटा कॉम्प्युटर जोडून झालाय. मोटर चालू-बंद करणारा रिले आणि करंट सेन्सर नीट चालतात. आता वेळेचं काम. नियम एवढाच की मोटर लागल्यावर 60 सेकंदांत पाणी आलं नाही तर ती बंद पडली पाहिजे. कोरडा फिरला की पंप गेलाच.

पाय 3 ला बॅटरीवरचं घड्याळ नाही. लाईट येऊन तो उठला की आधी जुनीच वेळ धरतो, मग नेट मिळाल्यावर एनटीपी (नेटवरून वेळ जुळवणारी सोय) घड्याळ एकदम पुढे नेतं. थ्री फेज पाळीनं येते, त्यामुळे मोटर लागणं आणि घड्याळानं उडी मारणं साधारण एकाच वेळी होणार. हे तपासल्याशिवाय पुढे जाववेना.

सी भाषेत दोन थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये सोबत चालणारी दोन कामं) लिहिले. एक पोल (इनपुटची वाट बघणारा कॉल) मध्ये 60 सेकंद थांबलेला, दुसरा सेम_टाइमडवेट (सेमाफोर म्हणजे दुसऱ्या थ्रेडच्या इशाऱ्याची वाट बघणारा कॉल) मध्ये तेवढाच. मधेच रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन घड्याळ तासभर पुढे केलं. सेमाफोरवाला तत्क्षणी ईटाइमडआउट म्हणजे 'वेळ संपली' हा एरर घेऊन परतला. पोल ढिम्म हलला नाही, साठ सेकंद भरल्यावरच उठला. घड्याळ तासभर मागे नेलं तर जास्त धोका: सेमाफोर तासभर जादा बसून राहतो आणि तोवर मोटर कोरडी फिरते.

सेम_टाइमडवेटला 'इतके सेकंद' सांगता येत नाही, 'अमुक वाजेपर्यंत' सांगावं लागतं, तेही क्लॉक_रिअलटाइमवर, म्हणजे तारीख-वेळ दाखवणाऱ्या नेहमीच्या घड्याळावर. पोल आणि त्याच जातीचे सिलेक्ट, एपोल_वेट कालावधी घेतात आणि लिनक्स तो क्लॉक_मोनोटॉनिकवर, म्हणजे फक्त पुढेच मोजत जाणाऱ्या घड्याळावर मोजतं. ते घड्याळ डेट कमांडनं हलत नाही. थ्रेडला थांबवणारा आणखी एक कॉल, पीथ्रेड_कॉन्ड_टाइमडवेट, तोही मुळात रिअलटाइमवरच चालतो, पण ॲट्रिब्यूटमधून (त्याच्या सेटिंगमधून) घड्याळ बदलता येतं. सेमाफोरला ही सोय जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) 2.30 मध्ये, 2019 साली, सेम_क्लॉकवेटच्या रूपानं मिळाली. मी तेच वापरलंय. घड्याळ दोन्हीकडे ढकलून पाहिलं, साठ सेकंद साठच राहिले.

लॅपटॉपवर करून बघणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: झाकण मिटून मशीन सस्पेंड झालं की मोनोटॉनिकही थांबतं. झोपेतला वेळ धरायचा तर क्लॉक_बूटटाइम घ्या. पाय रानात झोपत नाही, मला त्याची गरज नाही.

पहाटे 4 ला मोटर लावायचा टायमर मात्र रिअलटाइमवरच हवा, तिथे खरी वेळच पाहिजे. त्यासाठी टाइमरएफडीला (फाइलसारखा वाचता येणारा लिनक्सचा टायमर) टीएफडी_टायमर_कॅन्सल_ऑन_सेट हा फ्लॅग लावलंय. घड्याळानं उडी मारली की टायमर वाचणारा रीड कॉल ईकॅन्सल्ड ('रद्द झालं') हा एरर देतो आणि मी पुढची वेळ नव्यानं काढतो.