तंगूस किती ताणतो? दोन रविवारांचा हिशेब

लांब गळ टाकला की मासा टोचायचा, पण लागायचा नाही. रॉडच्या टोकाला दोन ठोके जाणवायचे, मी हिसका द्यायचो आणि रील गुंडाळताना हाताला काहीच लागायचं नाही. जवळ, दहा-बारा मीटरवर, हाच गळ नीट बसायचा. गळ बदलले, त्यांना धार लावली, आमिष लहान केलं, फरक शून्य. शेवटी संशय दोरीवर आला.

माझ्याकडे तीन रिळं होती. साधा नायलॉनचा तंगूस (मोनो), फ्लुरोकार्बन नावाच्या प्लास्टिकचा तंगूस आणि विणलेली दोरी. (तिला ब्रेड म्हणतात, पण तो शब्द ऐकला की मला न्याहारी आठवते.) फ्लुरोकार्बन जवळजवळ ताणतच नाही, असं मी इतक्यांकडून ऐकलं होतं की त्याची परीक्षा घ्यायची गरज आहे असंही वाटलं नव्हतं.

पहिला रविवार फुकट गेला. दोरीचं एक टोक गजाला बांधलं, दुसरं सामान तोलायच्या काट्याच्या हुकाला, आणि गाठीपासून गाठीपर्यंत मोजत ओढलं. विणलेली दोरी दहा मीटरमागे चक्क अर्धा मीटर लांबली! धाकट्या भावाने गाठीकडे बोट दाखवलं. ती दोरी भलतीच गुळगुळीत असते, त्यामुळे गाठ आवळत आणि सरकत होती, अन् मी ते सगळं ताणाच्या खात्यावर मांडत होतो. त्याआधी रॉड-रील लावूनही ओढून पाहिलं होतं. तिथे ड्रॅग, म्हणजे जास्त ताण आला की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक, हळूच सुटायचा आणि रिळावरचे वरचे वेढे खालच्या वेढ्यांत रुतायचे. कशाचं माप घेतोय तेच कळेना.

पुढच्या रविवारी गाठ मापातून बाहेर काढली. दोन्हीकडे गुळगुळीत पाइपचे तुकडे घेतले, त्यावर दोरीचे दहा-दहा वेढे दिले आणि गाठ वेढ्यांच्या मागे मारली. वेढ्यांच्या घर्षणातच जवळपास सगळा भार जिरतो, गाठीवर नावापुरता येतो. मग मधल्या सरळ भागावर, दोरी नुसती सरळ होईल इतक्याच ताणाखाली, बरोबर दहा मीटर अंतरावर चिकटपट्टीच्या दोन खुणा केल्या. मोजायचं फक्त या खुणांमधलं अंतर.

भार किती द्यायचा हा प्रश्न राहिला होता. त्यासाठी काटा गजाला अडकवला, त्याला दोरी बांधली आणि मासा समोर असल्यासारखा रॉडने दणकून हिसका दिला. काटा एक किलोपर्यंतही जाईना. या आकड्याने मला सगळ्यात जास्त हादरवलं. मला वाटत होतं मी चार-पाच किलोचा झटका देतो. रॉड वाकतो आणि तिथेच जोर खातो. म्हणून एक किलो हा हिसक्याचा भार आणि दोन किलो हा मोठ्या माशाशी झुंजतानाचा भार धरला.

मोनो आणि फ्लुरोकार्बन दोन्ही ०.२८ मिलिमीटर जाडीचे होते. विणलेली दोरी त्याच ताकदीची, म्हणजे बरीच बारीक. एक किलोला मोनो ५२ सेंटिमीटर लांबला, फ्लुरोकार्बन ४३ आणि विणलेली दोरी ९. दोन किलोला अनुक्रमे ११८, ९७ आणि १७. फ्लुरोकार्बन मोनोचाच चुलतभाऊ निघाला. मला खोटं वाटलं, म्हणून नवा तुकडा कापून पुन्हा मोजलं. एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे, बाकी तेच.

मग तिन्ही तुकडे रात्रभर बादलीत बुडवून ठेवले. नायलॉन पाणी पितो आणि मऊ होतो. ओला मोनो एक किलोला ६६ सेंटिमीटर लांबला. बाकी दोघं पाणी शोषत नाहीत, त्यांचे आकडे हलले नाहीत. म्हणजे पाण्याकाठी माझा मोनो कोरड्या मापापेक्षाही लवचिक होता, आणि कोरड्या दोरीवरचे आकडे घेऊन वाद घालणाऱ्यांत मीही होतो.

भार काढल्यावर काय होतं, हे खरं तर सहज बघितलं. दोन किलोचा ताण सोडून अर्ध्या तासाने मोनोत १० सेंटिमीटर वाढ उरली होती, फ्लुरोकार्बनमध्ये २४. तो ताणतो आणि नीट परतत नाही. जोरदार झुंजीनंतर किंवा गळ दगडात अडकून ओढाओढ झाल्यावर लीडरचा, म्हणजे गळाजवळ जोडलेल्या फ्लुरोकार्बनचा, तो तुकडा मी आता कापून टाकतो.

मूळ कोड्याचं उत्तर साध्या गुणाकारात होतं. चाळीस मीटरवर ओला मोनो एक किलोला अडीच मीटरहून जास्त लांबतो. माझ्या हिसक्यात रॉडचं टोक जेमतेम दीड-दोन मीटर मागे येतं. म्हणजे माझा अख्खा हिसका दोरीच गिळत होती आणि माशापर्यंत किलोभर जोर पोहोचतच नव्हता. विणलेल्या दोरीत तेवढ्याच अंतरावर जेमतेम ३६ सेंटिमीटर जातात.

रिळावर आता विणलेली दोरी आहे. खाली थोडा मोनो गुंडाळलाय, नाहीतर ती गुळगुळीत दोरी रिळावर गोल गोल घसरते. पुढे मीटरभर फ्लुरोकार्बनचा लीडर आहे. तो दगडांवर घासणं जास्त सोसतो आणि पाण्यात कमी दिसतो म्हणून. एवढ्याशा तुकड्याचा ताण चार-पाच सेंटिमीटर, त्याने काय बिघडतंय.

पहिल्याच दिवशी तीन मासे लागले आणि दोन तोंड फाटून सुटले. जुन्या सवयीने मी दणकून हिसका देत होतो, आणि आता तो सगळाच्या सगळा पोहोचत होता. ड्रॅग सैल केला, रॉड मऊ घेतला आणि हिसक्याऐवजी नुसता रॉड उचलायला लागलो.

मोनोचं रीळ टाकलेलं नाही. काठाजवळ, तरंगत्या आमिषाने धरायच्या माशांना तोच लावतो.