हमीपत्रात न बसलेली मुलगी

आमच्या शाळेच्या सहलीचं हमीपत्र वर्षानुवर्षं एकच आहे. तारीख आणि ठिकाण तेवढं बदलतं. ‘प्रवासात पाल्यास इजा अथवा आजार झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’ या ओळीखाली पालक न वाचता सही ठोकतात. त्या वर्षी पाचवीतल्या एका मुलीच्या आईने ती ओळ वाचली, पेनाने खोडली आणि खाली लिहून पाठवलं, ‘जबाबदार कोण हे नंतर ठरवू. रात्री दोन वाजता तिची शुगर ६० झाली तर कोण काय करणार, ते आधी कळवावे.’

सहलप्रमुख मी. त्यामुळे तो कागद घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत मलाच जावं लागलं.

मुलीला टाइप वन डायबिटीस. गोड खाऊन होतो किंवा पथ्याने जातो तो हा नव्हे. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते, आणि मग इन्सुलिन रोज बाहेरून घ्यावं लागतं. १९२२ साली टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं. त्याआधी या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस मिळवायचे, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. विज्ञानाच्या तासाला मी हे सांगते तेव्हा वर्ग गप्प होतो. आपल्याच वर्गात रोज चार-पाच वेळा ते इन्सुलिन घेणारी मुलगी आहे, हे मात्र शिक्षकांच्या खोलीत कुणी फार मनावर घेतलं नव्हतं. आदल्या वर्षीच्या सहलीला ती आलीच नव्हती. दिवसभर ग्रंथालयात बसवलं होतं तिला, आणि हजेरीपटावर ती ‘उपस्थित’ होती.

आईला बोलावून घेतलं. मोठ्या बाईंनी सुरुवात गोडीत केली. “ताई, तुम्ही स्वतःच सोबत चला ना. तुमचा जीव शांत, आमचाही.”

“मॅडम, बाकी कुणाची आई येणार आहे?”

“बाकीच्यांना गरज नाही.”

“मग तिला सहलीला नेलं असं म्हणू नका. माझ्यासोबत एका बसमध्ये बसवलं म्हणा.”

हे तोडून बोलणं मोठ्या बाईंना लागलं. त्यांचं म्हणणंही हवेतलं नव्हतं. दोन दिवसांचं निसर्ग शिबिर, रात्रीचा मुक्काम, दुसऱ्या गावी. एका मुलीला घेऊन एक शिक्षिका दवाखान्यात गेली की उरलेल्या मुलांमागे किती मोठी माणसं राहतात, हा हिशोब त्यांनी तिथेच करून दाखवला. शिवाय शिक्षकांनी इंजेक्शन द्यायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. “उद्या काही कमी-जास्त झालं तर पोलीस माझ्या दारात येतील, डॉक्टरांच्या नाही.”

तासभर दोघी एकाच जागी फिरत राहिल्या. एकीला जबाबदारी कुणाची ते लिहून हवं होतं, दुसरीला काम कुणाचं ते. ही दोन भांडणं वेगळी आहेत, हे माझ्या लक्षात आलं ते इंजेक्शन या शब्दावरून. दोघी दोन वेगवेगळ्या इंजेक्शनांबद्दल बोलत होत्या. इन्सुलिन शुगर खाली आणतं आणि त्याचा डोस चुकला तर जिवावर बेततं. ते ती मुलगी स्वतःच इन्सुलिनच्या पेनने, म्हणजे पेनसारख्या इंजेक्शनने, घेत होती, शेजारी बसून मोठ्या माणसाने युनिटचा आकडा तपासायचा एवढंच. आई सांगत होती ते दुसरं, ग्लुकॅगॉन. शुगर इतकी खाली गेली की मूल बेशुद्ध पडलं, आकडी आली, तर तोंडाने काहीही द्यायचं नसतं, घास किंवा घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. तेव्हा हे द्यायचं. ते यकृतातली साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतं. गरज नसताना दिलं गेलं तरी बहुधा मळमळ आणि उलटीवर भागतं. न दिलं तर काय होईल, ते आईने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

“मी शिकते,” मी म्हटलं. मोठ्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू पक्ष बदलला.

आईने मुदत संपलेलं जुनं किट आणलं, त्यावर मी सराव केला. मग तिच्या डॉक्टरांनी सही करून दिलेल्या कागदावरून एक तक्ता बनवला. शुगर ७०च्या खाली गेली की एक पुडी ग्लुकोज पाण्यातून. मोठ्यांना १५ ग्रॅम देतात, मुलांना वजनाच्या दर किलोला साधारण ०.३ ग्रॅम. तिचं वजन ३३ किलो, म्हणून आईने दहा-दहा ग्रॅमच्या पुड्या बांधून नंबर टाकून दिल्या. १५ मिनिटांनी बोट टोचून पुन्हा मोजायचं, अजून कमी असेल तर पुढची पुडी. चॉकलेट नाही. स्निग्ध पदार्थामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोहोचते, आणि ‘शुगर कमी झाली? हे चॉकलेट खा’ म्हणणारं माणूस प्रत्येक बसमध्ये एक तरी असतंच.

एवढं ठरल्यावर वाद आला मोबाइलवर. सहलीत मुलांना मोबाइल बंदी. तिच्या दंडावरचा सेन्सर दर काही मिनिटांनी शुगर मोजतो आणि ब्लूटूथने तिच्या फोनवर पाठवतो, आकड्याशेजारी शुगर चढतेय, उतरतेय की स्थिर आहे ते दाखवणारा बाण. तिथून इंटरनेटवरून तोच आकडा आईच्या फोनवर. म्हणजे फोन हे तिचं औषधाचं साधन. तरी दुसऱ्या दिवशी दोन पालकांचा निरोप आला, ‘तिला चालतो तर आमच्याला का नाही?’ मी उत्तर दिलं नाही. फोनमधली बाकी ॲप काढून टाकली, तो कमरेच्या पाऊचमध्ये गेला, विषय संपला. सगळ्याच प्रश्नांना उत्तर देत बसलं तर सहल निघत नाही.

पहिला दिवस छान गेला. दुपारी टेकडी चढून उतरलो, ती पुढच्या घोळक्यात होती. चढण्याआधी मोजलं, अर्ध्यावर मोजलं, खाली येऊन मोजलं, आकडे तक्त्यात लिहिले. शिबिराच्या जागी पोहोचलो आणि सगळ्यांच्याच मोबाइलची रेंज गेली.

आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. सेन्सर आणि तिचा फोन एकमेकांशी बोलत होते, त्यांना रेंज लागत नाही. पण तिकडे आईच्या फोनवरची रेषा तुटली होती. आईने मला फोन लावले, लागले नाहीत. मग मोठ्या बाईंना लावला. त्यांनी शिबिराच्या कार्यालयातल्या साध्या फोनवर, आणि तिथला पहारेकरी मला शोधत अंधारातून आला. “मुलीचं काहीतरी झालंय म्हणतायत,” तो म्हणाला. मुलगी माझ्यासमोर बसून पत्ते पिसत होती.

कार्यालयात जाऊन मी आईला फोन केला. आवाज चढलेलाच होता. “तीन तास झाले, मला आकडा दिसत नाहीये. फोन बंद करायला लावलात का तिला?”

“फोन चालू आहे. आत्ता ११८ आहे, बाण आडवा.”

“फोटो पाठवा.”

“रेंज नाही इथे. म्हणूनच तुम्हाला दिसत नाहीये.”

ती काही बोलेना. माझ्या शब्दापलीकडे तिला देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आणि शाळेचा नुसता शब्द तिला आजवर महागात पडला होता. ग्रंथालयातला तो दिवस तिच्याही लक्षात असणार. शेवटी ती म्हणाली, “रात्रीचं इन्सुलिन किती घेतेय?” डॉक्टरांनी दमणुकीच्या दिवसासाठी कमी करून लिहिलेला आकडा मी वाचून दाखवला. तिने तो तिकडून पुन्हा उच्चारला. दहा वाजता आणि दोन वाजता याच फोनवरून कळवायचं ठरलं. मधल्या वेळात मोठ्या बाईंना फोन करायचा नाही, हेही मी कबूल करून घेतलं. त्यांचा रक्तदाब हा वेगळाच विषय आहे.

रात्री दीडच्या सुमारास सेन्सरचा अलार्म वाजला. ५७. खोलीतल्या निम्म्या मुली उठल्या. ती मात्र गाढ झोपेत, सेन्सर लावलेल्या दंडावरच कूस करून. आईने हे तक्त्यात शेवटच्या ओळीत लिहून ठेवलं होतं, सेन्सर अंगाखाली दाबला गेला की खोटा कमी आकडा दाखवतो. तो रक्तातली साखर मोजतच नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, आणि दाबाने तिथलं वहन अडतं. बोट टोचून पाहिलं, १०९. तिला दुसऱ्या कुशीवर वळवलं, थोड्या वेळात सेन्सरचा आकडाही वर आला. दोन वाजता आईला हे जसंच्या तसं सांगितलं. ती पहिल्या रिंगलाच फोनवर होती. “बोट टोचून बघितलंत ना?” तिने दोनदा विचारलं, मग म्हणाली, “झोपा आता तुम्ही.”

खरी गडबड परतीच्या बसमध्ये झाली, जिथे कुणाचंच लक्ष नव्हतं. टेकडी कालच झाली, धोका टळला, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण भरपूर चालल्यावर स्नायू रिकामे झालेले साठे भरायला रक्तातली साखर ओढत राहतात आणि तो परिणाम २४ तासांपर्यंत टिकू शकतो. मी पुढच्या सीटवर होते. मागे आमच्या एक शिक्षिका तिला रागवत असल्याचं कानावर आलं. खिडकीवरून शेजारणीशी भांडली होती, हाक मारली तर उत्तर देत नव्हती, उलट डोळे वटारून बघत होती. “दोन दिवस लाड झाले म्हणून डोक्यावर बसायचं का?”

मी मागे गेले. कपाळावर घाम, हात थरथरत होते. फोनवर ७८ आणि बाण खाली. साखर झपाट्याने पडत असते तेव्हा सेन्सर रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो, त्यामुळे अलार्म अजून वाजलाच नव्हता. बोट टोचलं, ६१. भांडखोरपणा हेच पहिलं लक्षण होतं. मेंदूला साखर कमी पडली की शहाणं मूलही असंच वागतं.

पुडी नंबर एक. तिने पेला ढकलला. मी मागे हटले नाही, तिच्या मैत्रिणीने पेला धरला तेव्हा प्यायली. १५ मिनिटं बसमध्ये किती लांब असतात, ते घड्याळ हातात धरून बसल्यावर कळतं. ६८. पुडी नंबर दोन. आणखी १५ मिनिटांनी ९४. मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, “बाई, खिडकी तिची होती. मीच भांडले.”

रागावणाऱ्या शिक्षिका शेजारच्या सीटवर हे सगळं बघत होत्या. त्या गप्प झाल्या, पण शाळेत उतरल्यावर आईच्या कानावर हे मुलींकडून गेलंच आणि तिथल्या तिथे पुन्हा जुंपली. आईचं म्हणणं, लक्षणांचा कागद एकीलाच का, सगळ्यांना का नाही दिला? त्या शिक्षिकेचं म्हणणं, आम्ही काय परिचारिका आहोत? दोघींचंही बरोबर होतं असं मला वाटत नाही. आजारी मुलाकडे बघायला परिचारिका व्हावं लागत नाही. कागद मात्र आईच्या हट्टावरूनच एकीपुरता ठेवला होता. मुलीच्या आजाराची दवंडी नको, हे तिचंच वाक्य. दोन्ही एकत्र मिळत नाही.

सोमवारी माझा तक्ता मोठ्या बाईंच्या टेबलावर होता. त्यांनी ६१वर बोट ठेवलं. “झालंच ना शेवटी? म्हणून म्हणत होते, आई हवी.” त्याच दिवशी आईने डॉक्टरांना दाखवायला त्याच तक्त्याचा फोटो मागितला आणि ९४भोवती गोल काढून मला परत पाठवला. मला विचाराल तर मोठ्या बाई चुकल्या. आई बसमध्ये असती तरी शुगर ६१ झालीच असती. घरीही होते, महिन्यातून अनेकदा. फरक एवढाच, की घरी तक्ता नसतो आणि बोट ठेवायला कुणी नसतं.

हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि एक अट घातली. पुढच्या सहलीला आईशिवाय नेऊ, पण ग्लुकॅगॉन देता येणारी दोन माणसं हवीत, एकटीवर भिस्त नको. अट रास्त होती. मी सूचना लावली, शिक्षकांच्या खोलीत विचारलं. कुणाची पाठ दुखत होती, कुणाला सुई बघवत नव्हती, एकाने तर सरळ वकिलाचा सल्ला सांगितला. दुसरं नाव आलं ते बसमध्ये मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मावशींचं. त्यांनी मुदत संपलेल्या किटवर सराव केला, पावडर आणि पाणी कसं मिसळायचं ते दोनदा करून दाखवलं आणि विचारलं, हे किट बसच्या कपाटात ठेवायचं की त्यांच्या पिशवीत, कारण कपाटाची किल्ली ड्रायव्हरकडे असते आणि तो गाडी थांबली की उतरून जातो.