डोकं गरगरू राह्यलं

रावेर तालुक्यात केळी पिकवायच्या थंड खोल्या आहेत, आम्ही त्यांना चेंबरच म्हणतो. त्यांच्या यंत्रांची देखभाल हे माझं काम. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि चेंबरमध्ये १७, त्यामुळे मजूर आत जायला एका पायावर तयार असतात.

त्या सकाळी क्रेट हलवायला चौघे आत गेले होते. मी बाहेर पॅनल उघडून बसलो होतो. थोड्या वेळानं एक जण दाराला टेकून उभा राहिला.

"भाऊ, डोकं गरगरू राह्यलं."

"उपाशी आला असंल, गूळपाणी द्या त्याला," मुकादम म्हणाला. मीही मान हलवली आणि पुन्हा वायरींत डोकं घातलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पाच मिनिटांत दुसरा बाहेर आला, धापा टाकत. इतक्या गारव्यात तगड्या माणसाला अशी धाप लागत नाही. पक्कड तिथेच टाकली, आतल्या दोघांना ओरडून बाहेर बोलावलं, दार सताड उघडलं.

मीटर आत धरला. कार्बन डायऑक्साइड तीन टक्क्यांच्या वर! मोकळ्या हवेत तो ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो.

घडावरून उतरवलेली केळी श्वास घेतच राहते, म्हणजे हाच वायू सोडत राहते, आणि पिकताना तो श्वास वाढतो. केळी पिकवणारा इथिलीन वायू सोडून चेंबर साधारण दिवसभर बंद ठेवतात, मग साठलेली हवा पंख्यानं बाहेर काढावी लागते. रात्री लाईट गेली होती. परत आल्यावर कंप्रेसर सुरू झाला, एक्झॉस्टचा टायमर मात्र अडकून राहिला. आत गार लागतंय म्हणजे सगळं ठीक, असं सगळ्यांनी धरलं.

अंतराळयानांविषयी मी वाचू लागलो तो या धंद्यामुळेच. बंद डब्यातली हवा सांभाळायची, हेच तिथलंही काम. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे जाताना बिघडलेल्या अपोलो १३ च्या तिघांना दोघांसाठी बनवलेल्या चांद्रयानात दिवस काढावे लागले आणि कार्बन डायऑक्साइड चढत गेला. तो शोषणारे जादा डबे होते चौकोनी, बसवायची जागा गोल. प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळ्या आणि चिकटपट्टी यांच्यातून त्यांनी जोड तयार केला. आणि रशियाच्या मीर अंतराळ स्थानकावरचा गहू! १९९६-९७ मध्ये तिथे ओंब्या आल्या, पण दाणा भरला नाही. कारण निघालं हवेत साठलेलं इथिलीन. ज्या वायूवर आमची केळी पिवळी होते, त्यानंच तिथलं पीक वांझ ठेवलं.

स्थानकात गरम हवा वर जात नाही, कारण तिथे हलकं-जड असं काही उरतच नाही. पंखा बंद पडला तर झोपलेल्या माणसाच्या नाकासमोर त्याचाच उच्छ्वास साचून राहतो. त्यामुळे तिथे पंखे अखंड चालतात. तरीही आंतरराष्ट्रीय स्थानकावर डोकेदुखीच्या तक्रारी येत राहिल्या, आणि त्या वेळी हवेतला कार्बन डायऑक्साइड ठरलेल्या मर्यादेच्या आतच होता. तज्ज्ञांनी त्या तक्रारी हवेच्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि मर्यादाच खाली आणली. आकडा बरोबर आहे म्हणून माणसाला खोटं ठरवलं नाही. आमच्याकडे तर आकडाही कुणी पाहिला नव्हता.

चौघंही तासाभरात सावरले, तरी मी त्यांना दवाखान्यात नेलंच. मालकाशी बराच वाद झाला, पण भोंगा वाजवणारा सेन्सर बसला. वीज गेली-आली की एक्झॉस्ट आता आपोआप सुरू होतो. हातमीटर दाराबाहेर खिळ्याला टांगला आहे. आकडा कुठपर्यंत चालेल तिथे मी लाल रेघ ओढून दिली, आणि पहिल्यांदा दाराशी आलेल्या त्या माणसालाच तो वाचायला शिकवला. आता तो "जा" म्हणाल्याशिवाय मुकादमही आत पाऊल टाकत नाही.