एका ओळीसाठी नऊ मिनिटं

जुन्या कागदांचे स्कॅन उजळ करणारा प्रोग्रॅम आम्ही तिघं रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहीत होतो. रस्ट निवडली ती वेगासाठी, आणि तो मिळालाही. पण त्यापायी जी वाट पाहिली, तिचा राग अजून गेलेला नाही.

डीबग बिल्ड, म्हणजे कोडवर वेगासाठी मेहनत न घेता बनवलेला प्रोग्रॅम, झटपट व्हायचा, पण एक पान साफ करायला पाऊण मिनिट घ्यायचा. रिलीजमध्ये, म्हणजे वेगासाठी ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डमध्ये, तेच पान सेकंदाच्या आत. साहजिकच सगळे दिवसभर रिलीजच चालवायचे. एक आकडा बदलायचा, बिल्ड लावायचा, प्रगतीची पट्टी ३११/३१२ पर्यंत भराभर जायची आणि तिथेच थांबायची. नऊ मिनिटं. मशीनचे सगळे कोअर रिकामे, एकच राबतोय. तेवढ्या वेळात काय तपासत होतो तेच डोक्यातून निघून जायचं.

आधी वाटलं, लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) मंद आहे. मोल्ड हा वेगवान लिंकर बसवला, काहीच फरक नाही. सहकारी म्हणाला, ‘गोमध्ये लिहू पुन्हा.’ गो ही भाषा लवकर कंपाइल व्हावी अशीच बेतलेली आहे, हे खरं. पण सगळं पुन्हा लिहायची माझी तयारी नव्हती. मी नवीन मशीन मागायच्या बेतात होतो.

शेवटी कार्गोची (रस्टचे बिल्ड करणारं साधन) सेटिंग्जची टोमल फाइल नीट वाचली. रिलीज प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्या बिल्डच्या सेटिंग्जच्या संचात, दोन ओळी होत्या: एलटीओ ‘फॅट’ आणि कोडजेन-युनिट्स १ (कोड तुकडे न पाडता एकगठ्ठा कंपाइल करा). सुरुवातीला आमच्यापैकीच कोणीतरी कुठूनतरी उचललेल्या. फॅट एलटीओ म्हणजे सगळ्या क्रेट्सचा (रस्टमधल्या कोडच्या पॅकेजांचा) कोड एकत्र करून एलएलव्हीएम (कंपाइलरचा मशीन कोड बनवणारा भाग) त्यावर पुन्हा ऑप्टिमायझेशन करतो. आपण बदलली एकच ओळ, पण हा सगळा गठ्ठा दर वेळी नव्याने. कुठल्या क्रेटला किती वेळ लागला ते दाखवणारा कार्गोचा टायमिंग्ज अहवाल (रस्ट १.६० पासून मिळतो) पहिल्याच दिवशी काढला असता, तर वेळ शेवटच्याच क्रेटवर जातोय हे तेव्हाच दिसलं असतं. तो आधी काढा, मशीनचं नंतर बघा.

त्या दोन ओळी मी रिलीजवरून बेतलेल्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये हलवल्या. ते प्रोफाइल फक्त ग्राहकाला द्यायच्या बिल्डसाठी. रोजच्या डेव्ह प्रोफाइलमध्ये (डीबग बिल्डच्या सेटिंग्जमध्ये) बाहेरच्या पॅकेजेसना ऑप्ट-लेव्हल, म्हणजे ऑप्टिमायझेशनची पातळी, ३ दिली. ती एकदाच कंपाइल होतात, मग तयारच असतात. आमच्या कोडला ० ठेवून पाहिली, पण पान हवं तेवढं वेगात होईना. बाहेरच्या पॅकेजमधली जेनेरिक (कुठल्याही टाइपसाठी लिहिलेली) फंक्शन्स आपल्या क्रेटमध्ये उतरतात आणि आपलीच लेव्हल घेतात, हे तेव्हा समजलं. १ केली. आता बिल्ड बारा सेकंदांत, पान चार सेकंदांत. मला एवढं भरपूर आहे.

हो, नुसत्या चुका तपासायच्या असतील तर कार्गो चेक चालवा. त्यात मशीन कोड तयारच होत नाही.

आणि डेव्ह बिल्ड वापरायला लागलो त्या पहिल्याच दुपारी प्रोग्रॅम पॅनिक होऊन पडला: बेरजेत ओव्हरफ्लो. उजेड वाढवताना आम्ही आठ बिटांच्या पिक्सेलमध्ये सरळ बेरीज करत होतो. २५५ च्या पुढे गेलं की आकडा परत शून्यापासून. रिलीजमध्ये ही तपासणी मुळात बंद असते, त्यामुळे कोणी बोललंच नाही. पांढऱ्याशुभ्र जागी येणारे काळे ठिपके आम्ही इतके महिने स्कॅनरची धूळ समजत होतो. सॅच्युरेटिंग अ‍ॅड (२५५ वरच थांबणारी बेरीज) लावलं आणि चारशे पानं पुन्हा काढायला बसलो.